शाळेची बस, पानगळ आणि घरचं हॉट चॉकलेट

पानगळ_पाहुणी | १२ ऑक्टोबर, १८:१०

मंडळी, आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. सध्या सकाळी पारा दोन-तीन अंशांवर असतो, गाडीची काच खरवडल्याशिवाय निघता येत नाही आणि मुलांची बस सहा पन्नासला, म्हणजे उजाडायच्या आत. नुसतं दूध म्हटलं की दोघं नाकं मुरडतात. हॉट चॉकलेट म्हटलं की मोजे आपोआप पायात चढतात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. पाकिटातली पावडर गरम पाण्यात ढवळून जे होतं ते गोड तपकिरी पाणी. पाकिटामागची यादी वाचा, बहुतेक वेळा साखर पहिली आणि कोको बराच खाली. हॉट चॉकलेट करायचं तर चॉकलेटचंच. मी दोन मगांना ४०० मिली होल मिल्क आणि ६० ग्रॅम डार्क चॉकलेट घेते, ७० टक्केवालं. दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की शेगडी बंद, बारीक चिरलेलं चॉकलेट आत, मिनिटभर हात लावायचा नाही, मग फेटायचं. चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, कडवटपणा त्यानेच बोथट होतो.

अडचण अशी की डबे, दप्तरं, वेण्या यांच्यामधे चॉकलेट चिरत बसायला वेळ कुठला? तुम्ही सकाळच्या घाईत कसं करता? शिवाय नवऱ्याचं म्हणणं आहे की हा नाश्ता नाही, मिष्टान्न आहे. त्यावरही मतं येऊ द्यात.

उगाचच | १२ ऑक्टोबर, १८:२२

पहिला!
फोटो नाही, म्हणून पाकृ फाऊल धरण्यात येत आहे.

गोदाघाट | १२ ऑक्टोबर, २१:४०

काच खरवडताय? इथे नाशकात ऑक्टोबर हीटने टाळकं तापलंय, रात्री पंखा पाचवर. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की येतो धाग्यावर परत. तोवर ताक.

तूपसाखर | १३ ऑक्टोबर, ०८:०५

पानगळताई, कोकोवर फार अन्याय करताय. पाकिटातलं गोड मिश्रण वेगळं आणि बिनसाखरेची कोको पावडर वेगळी. दोन्हींना एका काठीने हाकू नका.

आमच्या पुण्यातल्या घरी असं होतं: कपात दोन चमचे कोको आणि दोन चमचे साखर कोरडीच मिसळायची. त्यात तीन-चार चमचे कडकडीत पाणी घालून चमच्याने घोटायचं, काजळासारखं चकचकीत होईपर्यंत. मग वरून गरम दूध. गाठ नाही, चिराचिरी नाही, तीन मिनिटांत हातात कप.

आणि दूध म्हशीचं हो! तुमच्या होल मिल्कमधे फॅट जेमतेम सव्वातीन टक्के, आमच्या फुल क्रीमच्या पिशवीत सहा. तुम्हाला दाटपणासाठी चॉकलेटमधलं लोणी लागतं, आम्हाला म्हैस पुरते.

पानगळ_पाहुणी | १३ ऑक्टोबर, ०९:१५

म्हैस पुरते :D हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं.
पण तूपसाखर, नुसत्या कोकोचं जिभेवर कोरडं लागतं आणि शेवटच्या घोटात गाळ येतो. मुलं तो घोट सिंकमधे ओततात.

रसायनकाका | १३ ऑक्टोबर, ११:३०

दोघीही बरोबर आहात, म्हणून भांडण लांबणार.

कोको दुधात विरघळत नाही. ते झाडाच्या बियांचे दळलेले कण आहेत, दुधात तरंगतात आणि कप थांबला की तळाशी बसतात. त्या कणांवर कोको बटर असतं, साध्या पावडरीत १०-१२ टक्के, भारीतल्या पावडरीत २२-२४. त्यामुळे थंड दुधात टाकली की ती भिजायलाच तयार नसते, बाहेरून ओली आणि आत कोरडी अशी गाठ बनते. तूपसाखर करतात ते का जमतं? आधी साखर मिसळल्यामुळे कण सुटे होतात आणि कडकडीत पाण्याने ते नीट भिजतात. गाळ कमी करायचा असेल तर ती पेस्ट दुधात घालून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर उकळा. कोकोत थोडा स्टार्च असतो, तो फुगतो आणि कण लवकर खाली बसत नाहीत. कपात वरून दूध ओतण्यात हे होत नाही.

चॉकलेटमधे कोको बटर पुष्कळ. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या. दुधात जोरात फेटलं की त्याचे बारीक थेंब होऊन पसरतात, पानगळताईंना हवा असलेला गुळगुळीतपणा त्यातून येतो.

एक सावधगिरी. चॉकलेट आधी वेगळं वितळवून त्यात चमचाभर दूध घालू नये. थोड्याशा पाण्याने आतल्या साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा खडबडीत गोळा होतो. चॉकलेट नेहमी भरपूर गरम दुधात. गोळा झालाच तर टाकून देऊ नका, गरम दूध ओतत फेटत राहा, सुटतो.

मी दोन्ही वापरतो. ४०० मिली दुधाला ४० ग्रॅम चॉकलेट, शिवाय एक मोठा चमचा कोको. चव कोकोची, अंग चॉकलेटचं.

उगाचच | १३ ऑक्टोबर, ११:४२

काका, दहावीला तुम्ही शिकवायला असता तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

सायकलवाली | १३ ऑक्टोबर, १४:५०

माझं गाव बोलावतंय, म्हणून लॉगिन केलं. मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ राहते. कोकोच्या बिया जगात सगळ्यात जास्त ज्या बंदरात उतरतात ते हे बंदर, आणि झान नदीकाठच्या कारखान्यांकडून वारा आला की सायकलवर कोकोचा वास येतो. ऑक्टोबरच्या पावसात भिजत ऑफिसला जाण्याची तेवढीच भरपाई.

पानगळ, तुझ्या ‘चॉकलेट म्हणजे बार’ला थोडा धक्का देते. युरोपात कित्येक पिढ्या चॉकलेट म्हणजे प्यायचीच गोष्ट होती, आणि तीही वर तेलाचा तवंग असलेली. १८२८ साली फान हाउटन या डच घराण्याने बियांच्या लगद्यातून लोणी पिळून काढण्याच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. लोणी निघालं तेव्हा उरलेल्या चोथ्याची पावडर झाली, तीच ही कोको. मग त्या वेगळ्या काढलेल्या लोण्याचं करायचं काय? ते लगद्यात जास्तीचं घालून १८४७ मधे ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने साच्यात ओतता येईल असा खायचा बार काढला. म्हणजे तुझा बार हा पावडरीचा धाकटा भाऊ आहे!

इथल्या कॅफेत चॉकलेट मिल्कवर फेटलेल्या क्रीमचा डोंगर देतात. घरी मी क्रीम घालत नाही, सायकल चढावर ढकलावी लागते.

गोदाघाट | १३ ऑक्टोबर, १५:०५

हॉलंडमधे चढ? कुठला? पूल?

सायकलवाली | १३ ऑक्टोबर, १५:२०

पूलच. समोरून वारा असला की तो सह्याद्री होतो. हलके घ्या.

पानगळ_पाहुणी | १३ ऑक्टोबर, १७:३०

बरं, धाकटा तर धाकटा, पण देखणा आहे :)
सायकलवाली, इकडच्या दुकानातली साधी कोको आंबूस लागते, तुमच्याकडची नाही. माझा कोकोवरचा राग त्यातलाच असावा.

रसायनकाका | १३ ऑक्टोबर, १९:००

असणारच. कोको मुळात आंबट, बिया आंबवतात ना. डच पद्धतीत ती अल्कलीने धुतात, आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि दुधात मिसळतेही जरा बरी. डब्यावर अल्कली किंवा आम्लता नियंत्रक असं काही लिहिलंय का बघा. पिण्यासाठी तीच घ्या. सोडा घालून फुगवायच्या केकला मात्र साधीच बरी, सोड्याला आंबटपणा लागतो.

संत्रानगरी | १३ ऑक्टोबर, २२:१०

काहून बाप्पा एवढा कुटाणा करून राहिले? आमच्या नागपुरात आंबिया बहाराचं संत्रं बाजारात येऊन राहिलं. त्याच्या सालीच्या दोन पट्ट्या घ्या, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून टाका, तो कडू असते. दूध तापत ठेवतानाच टाका, तापलं की काढून घ्या, मग तुमचं चॉकलेट. असा वास सुटते का शेजारी बेल वाजवते.

रस पिळू नका फक्त. दूध फाटलं तर मले नका सांगू.

तूपसाखर | १४ ऑक्टोबर, ०७:५०

संत्रानगरी, आज केलं. सालीची पट्टी काढून घेतली तरी वास राहतो. भारी.

जायफळ | १४ ऑक्टोबर, १०:२५

दापोलीकडची मी. नाव बघून कळलंच असेल मी काय सुचवणार ते! माडा-पोफळींच्या सावलीत आमच्याकडे जायफळ, दालचिनी, मिरी सगळं आहे आणि हौसेने लावलेली कोकोची दोन झाडंही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फळ फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडालाच लागतं. फोडलं की बियांभोवती पांढरा आंबटगोड गर. तो चोखायला मजा, पण त्यात चॉकलेटची चव औषधालाही नसते. बिया गरासकट पाच-सहा दिवस झाकून आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, तेव्हा कुठे तो वास येतो. आमच्या फळांपैकी निम्मी खारी नेतात, त्यांना एवढा धीर नाही. मोठी लागवड म्हणाल तर आंध्रात आणि केरळात, आपल्याकडे अशी हौशीचीच.

हॉट चॉकलेटला मी नारळाचं दूध घेते. एका नारळाचं घट्ट आणि पातळ दूध वेगळं काढायचं. पातळ दुधात कोकोची पेस्ट उकळून घ्यायची, आच बारीक करून घट्ट दूध, लगेच उतरवून गूळ आणि जायफळ. घट्ट दूध उकळू द्यायचं नाही, फुटतं. शिरवळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबरचा, गोड रस करतो त्याच अंगाने, फक्त कोको जास्तीचा.

आज्जीचा_बटवा | १४ ऑक्टोबर, १२:००

शिरवळ्यांच्या रसात कोको?? जायफळबाई, तुमच्या सासूबाईंचा आयडी आहे का इथे?

जायफळ | १४ ऑक्टोबर, १२:३५

सासूबाईंनीच दुसरा पेला मागितला. पहिल्यावर ‘हे काय चिखल केलंयस’ म्हणाल्या होत्या, तो भाग सोडून द्या.

मोगरा_२ | १४ ऑक्टोबर, १३:१०

गाईच्या दुधात गूळ चालेल का? आमच्याकडे साखर बंद केली आहे.

तूपसाखर | १४ ऑक्टोबर, १३:४०

चालेल, पण गुळाच्या चहाचाच नियम. दूध उकळत असताना गूळ पडला की फाटण्याची शक्यता फार. खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा, मग किसलेला गूळ. आणि गूळ म्हणजेही साखरच हो, नुसती रंगाने सावळी.

एडिसनचा_गणू | १४ ऑक्टोबर, १६:२०

फेसाबद्दल कोणीच बोलत नाहीये! हॉट चॉकलेटची अर्धी मजा फेसात आहे.

आमच्या न्यू जर्सीत, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कला संग्रहालयाकडे मायांचं रंगवलेलं एक भांडं आहे, साधारण इ.स. ६७० ते ७५० या काळातलं. त्यावर एक बाई उभी राहून उंच धरलेल्या भांड्यातून खालच्या भांड्यात पेय ओततेय. कोकोला फेस आणायची ती जुनी रीत. आपला उडुपी हॉटेलातला कॉफीवाला हेच करतो, फक्त त्याचं कोणी भांड्यावर चित्र काढलं नाही.

मी रवी वापरतो. आईने ताकासाठी दिलेली लाकडी रवी इथे ड्रॉवरमधे पडून होती, कारण ताक इथे कोण घुसळतं? उभट पातेल्यात हॉट चॉकलेट, तळहातात रवी, मिनिटभर गरागरा. बॅटरीच्या फेटणीपेक्षा फेस टिकतो असं माझं मत. बायकोचं मत: ओटा पुसावा लागतो.

मिरचीमसाला | १४ ऑक्टोबर, २०:४५

गणू, तुझी रवी मेक्सिकोत नेलीस तर कोणी ढुंकून बघणार नाही, त्यांच्याकडे घरोघरी आहे. मोलिनिलो म्हणतात. खाली नक्षीदार गड्डा आणि दांड्यात सैल लाकडी कड्या, तळहातात धरून तसंच घुसळतात.

मी कामानिमित्त काही काळ वाहाकामधे राहिलो, दक्षिणेकडचं डोंगराळ राज्य. तिथे चॉकलेटचा स्लॅब नसतो, जाड टिकल्या असतात. भाजलेल्या कोकोच्या बिया, साखर, दालचिनी, बरेचदा बदामही, एकत्र दळून थापलेल्या. गिरणीत जाऊन आपलं माप सांगायचं, अमुक कोको, तमुक साखर, आणि समोर दळून घ्यायचं, आपण भाजणी दळून आणतो तसं. गिरणीच्या गल्लीतून नुसतं चाललं तरी कपड्यांना वास.

पानगळवहिनींच्या यजमानांसाठी खास: तिथे चॉकलेट हे सकाळचंच पेय आहे, अंड्याच्या गोडसर पावाबरोबर. पाव बुडवून खायचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो, तेव्हा हमखास. म्हणजे नाश्ताच. पॉइंट वहिनींना.

आणि आता बॉम्ब टाकतो: चॉकलेट तिथे पाण्यातही करतात आणि मला पाण्यातलंच जास्त आवडलं. दूध कोकोची चव झाकतं.

तूपसाखर | १४ ऑक्टोबर, २१:००

पाण्यात?! मग तो काढा झाला.

मिरचीमसाला | १४ ऑक्टोबर, २१:१०

कोरा चहा पितेस ना? तसंच. टिकलीतच लोणी असतं, पाणी अगदीच पाणी राहत नाही. भारतात करायचं तर २०० मिली पाण्याला ४० ग्रॅम चांगलं डार्क चॉकलेट, दालचिनीचा तुकडा उकळून काढलेला, आणि रवी. एकदा करून बघ, मग शिव्या दे.

पानगळ_पाहुणी | १४ ऑक्टोबर, २१:३०

मिरचीमसालाभाऊजी, तुमचा प्रतिसाद फ्रिजवर चिकटवलाय. नवरा म्हणतो, ‘पाव बुडवून चहा खातो तेव्हा तू मला गावंढळ म्हणतेस.’ आता मी गप्प आहे.

आज्जीचा_बटवा | १५ ऑक्टोबर, ०९:३०

सगळं वाचलं. मेक्सिको झालं, हॉलंड झालं. आपल्याकडे शरद ऋतूचं पेय ठरलेलं आहे याची कोणाला आठवण? आत्ता कुठे कोजागरी झाली. आटवलेलं दूध, केशर, वेलची, जायफळ, चारोळी, बदामाचे काप. चंद्रप्रकाशात ठेवून मग प्यायचं. हॉट चॉकलेटला त्याची सर नाही. आमच्या नातवाने परवा व्हिडिओ कॉलवर मग दाखवला, म्हणे ‘आज्जी, इकडे कोजागरीला आम्ही हॉट चॉकलेट प्यायलो.’ मी हसले खरी, पण बरं नाही वाटलं.

सायकलवाली | १५ ऑक्टोबर, १२:१५

आज्जी, राग मानू नका. आमच्याकडे कोजागरीला आभाळ गच्च, चंद्र आहे हे कॅलेंडरवरून समजायचं. मंडळाच्या हॉलमधे पातेलंभर मसाला दूध केलं होतं, मोठ्यांनी दोनदोनदा घेतलं, लहान पोरांनी पिवळा रंग बघूनच तोंड फिरवलं. मग त्याच आटवलेल्या दुधात कोको घातला आणि ती रांगेत उभी राहिली. नातू कोजागरी जागवतोय हे काय थोडं आहे?

आज्जीचा_बटवा | १५ ऑक्टोबर, १३:०५

जागतोय हे खरं. पण केशर घालून बिघडलं काय असतं?

जायफळ | १५ ऑक्टोबर, १३:२०

आज्जी, केशर आणि कोको एकत्र नका करू, केशराची चव पार बुडते, पैसे पाण्यात. मसाला दुधातलं जायफळ-वेलची मात्र कोकोला चालतं. आटवलेलं दूध असेल तर चॉकलेट नकोच, कोको पुरे. पिस्त्याचे काप वरून.

रसायनकाका | १५ ऑक्टोबर, १३:५५

अनुमोदन. आटवलेल्या दुधात चॉकलेट घातलं की पिणं संपून चमच्याने खाणं सुरू होतं. तेच हवं असेल तर इटलीची रीत आहे: २५० मिली दुधाला दीड-दोन चमचे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घालायचं, चॉकलेट घालून दाटेपर्यंत ढवळायचं. चमचा जवळजवळ उभा राहतो. बसच्या घाईत मात्र नको, पोरं टाळू भाजून घेतील. दाट पेय लवकर निवत नाही.

वाघ्या_नव्हे_टॉमी | १५ ऑक्टोबर, १८:३०

अवांतर: घरात कुत्रा असेल तर कप आणि चॉकलेटचे तुकडे खाली ठेवू नका. कोकोतलं थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि विषारी ठरतं. जितकं डार्क, तितकं धोक्याचं. कोको पावडर तर सगळ्यात वाईट. चाटलंच तर वाट न बघता डॉक्टरला फोन.

मोगरा_२ | १५ ऑक्टोबर, १९:१०

मग मुलांना रोज सकाळी चालतं का? कॅफिन असतं ना त्यात?

रसायनकाका | १५ ऑक्टोबर, १९:४०

असतं, पण थोडं. चमचाभर कोकोत साधारण १०-१५ मिलिग्रॅम, कॉफीच्या मगात नव्वदच्या पुढे. दोन चमचे साखरेची काळजी आधी करा.

उगाचच | १५ ऑक्टोबर, २०:००

धाग्यावर इतिहास झाला, रसायन झालं, कोजागरी झाली, पशुवैद्यकही झालं. आता फक्त शेअर बाजार राहिलाय.

एडिसनचा_गणू | १५ ऑक्टोबर, २०:२५

तोही घे. डिसेंबर २०२४ मधे न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता, त्याआधी वर्षानुवर्षं अडीच-तीन हजारांच्या आसपास घुटमळायचा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे हवामान बिघडलं, त्यात झाडांवर विषाणूजन्य रोग. दोन देशांना शिंक आली की आपल्या मगात साखर वाढते.

सई_ओव्हनवाली | १६ ऑक्टोबर, ११:००

मी ठाण्यात घरून केक करते, म्हणून भाववाढीचा चटका रोजचाच. त्यावरून भारतातल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: केकच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो तो डार्क स्लॅब बहुतेकदा कंपाउंड असतो. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. केकवर ओतायला ठीक, कडकही छान होतं. पण गरम दुधात त्याचा तवंग येतो आणि टाळूला मेणचट थर बसतो. मागची यादी वाचा. ‘कोको बटर’ दिसलं पाहिजे. हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी असं काही दिसलं तर तो स्लॅब परत ठेवा आणि त्यापेक्षा तूपसाखरची कोकोची पेस्ट करा. कंपाउंडपेक्षा कोको केव्हाही सरस.

आता मूळ प्रश्न. धागाकर्तीने विचारलं होतं की सकाळच्या घाईत कसं करायचं, आणि आपण सगळे मेक्सिकोत हिंडून आलो. पानगळ, रविवारी गनाश करून ठेव. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून बोलमधे, २०० मिली क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर, दोन मिनिटं झाकण, मग मधून बाहेर गोल गोल ढवळत जायचं. चिमूटभर मीठ, हवा तर चमचाभर कोको. थंड झालं की झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमधे, आठवडाभर निर्धास्त राहतं. सकाळी मगभर दूध मायक्रोवेव्हमधे तापवायचं, दोन भरगच्च चमचे गनाश घालून फेटायचं. चिरणं नाही, पातेलं नाही, गाळ नाही. क्रीममुळे तुमचं सव्वातीन टक्क्यांचं दूधही म्हशीच्या जवळपास पोचतं.

बर्फाच्या ट्रेमधे गोठवून ठेवलंस तर एका मगाला दोन वड्या, मुलंसुद्धा टाकू शकतात.

पानगळ_पाहुणी | १६ ऑक्टोबर, १७:४५

सई, हेच हवं होतं! आज गुरुवार, रविवारपर्यंत कोण थांबणार, रात्रीच करते. संत्र्याची साल क्रीममधे उकळली तर?

सई_ओव्हनवाली | १६ ऑक्टोबर, १८:१०

उत्तम. क्रीममधे साल घालून तापव, दहा मिनिटं झाकून ठेव, गाळून परत तापव आणि मग चॉकलेटवर. चरबीत वास जास्त उतरतो.

संत्रानगरी | १६ ऑक्टोबर, १८:३०

पाहा, शेवटी नागपूरशिवाय भागलं नाही.

पानगळ_पाहुणी | २२ ऑक्टोबर, ०७:२०

ट्रेमधल्या वड्यांवर आठवडा निघाला. मोठी स्वतः दूध तापवून करते, धाकट्याला दोन वड्या मोजून मिळाल्या की नाही यावर भांडण होतं, तेवढा नवा ताप. मायक्रोवेव्हमधून मग काढल्यापासून प्यायला देईपर्यंत दोन मिनिटं लागतात, त्यातही निम्मा वेळ फेटण्याचा.

दिवाळीला इथल्या शेजाऱ्यांना फराळाबरोबर तेच दिलं. पातळ पोह्यांचा चिवडा आणि हॉट चॉकलेट एकत्र खाऊन बघा, तिखट-गोड छान जमतं. चकलीबरोबर मात्र नाही.

तूपसाखर | २२ ऑक्टोबर, ०८:००

चकलीबरोबर का नाही? भाजणीतल्या धण्या-जिऱ्यामुळे?

पानगळ_पाहुणी | २२ ऑक्टोबर, ०८:२५

तिळामुळे असावं. चॉकलेटनंतर तीळ कडू लागतो.

मिरचीमसाला यांचं पाण्यातलंही केलं. दालचिनी घालून, रवी नव्हती म्हणून फेटणीने. मुलांनी नाही घेतलं, मी आणि नवऱ्याने घेतलं, शनिवारी, पाव बुडवून. तूपसाखर, काढा नाही होत गं. एकदा करच.

तूपसाखर | २२ ऑक्टोबर, ०९:०५

बघते. पण दुसऱ्या शेगडीवर म्हशीचं दूध तापत ठेवूनच.

मोगरा_२ | २ नोव्हेंबर, १०:१५

धागा वर काढतेय. मुलीला दूध चालत नाही, गनाश ओटच्या दुधात आणि क्रीमशिवाय होईल का?

सई_ओव्हनवाली | २ नोव्हेंबर, १२:४०

होईल. क्रीमऐवजी नारळाचं घट्ट दूध तेवढंच घे, पण उकळू देऊ नकोस, जायफळने वर सांगितलंय तसं. चॉकलेटच्या यादीत दुधाची भुकटी नाही ना हेही बघून घे, डार्कमधेही काही वेळा असते. ॲलर्जी असेल तर ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही ओळसुद्धा वाच. सकाळी ओटचं दूध फक्त गरम कर, खळखळ उकळलंस तर बुळबुळीत होतं.